खाचरातलं यंत्र, कलमावरचा सेन्सर : वाचकांचे प्रश्न

कापणी, तोडणी आणि पिकावर लक्ष ठेवणारी नवी साधनं यांविषयी कोकणपट्टीतून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत ‘कोणती कंपनी चांगली?’ असं विचारलं आहे. त्याआधी ते यंत्र आपल्या जमिनीत चालेल का आणि सेन्सरवर आकडा दिसला तर आपण वेगळं काय करणार, हे ठरवलेलं बरं. उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : लांजा तालुक्यात आमची पावणेदोन एकर भातशेती बावीस खाचरांत विभागलेली आहे. मोठ्यात मोठं खाचर दहा गुंठ्यांचं, लहान दीड-दोन गुंठ्यांची. कापणीला माणसं मिळत नाहीत. मिनी कम्बाइन (कापणी-मळणी एकदम करणारं यंत्र) घ्यावा की रीपर (नुसतं कापणारं)?

उत्तर : आधी बांधाचा हिशेब करा, अश्वशक्तीचं नंतर बघू. चालवत नेण्याचा कोणताही रीपर असो, बांधाच्या कडेने साधारण एक मीटरचा पट्टा आणि कोपरे विळ्यानेच कापावे लागतात. नाहीतर वळताना चाक उभ्या भातावर जातं. खाचर २० बाय १० मीटरचं, म्हणजे दोन गुंठ्यांचं असेल तर हा पट्टा ५६ चौरस मीटर भरतो. खाचराचा २८ टक्के भाग हातानेच! ४० बाय २५ मीटरच्या दहा गुंठ्यांच्या खाचरात तोच पट्टा साडेबारा टक्क्यांवर येतो. तेव्हा तुमच्या बावीसपैकी चार गुंठ्यांच्या वरची खाचरं किती आणि ती एकमेकांना लागून आहेत का, एवढं आधी कागदावर मांडा. आमच्या मते तुमच्या क्षेत्राला यंत्र विकत घेणं परवडणारं नाही. मोठ्या खाचरांपुरता रीपर भाड्याने आणावा, बाकीचं ग्रास कटर किंवा विळ्याने कापावं आणि मळणीला पॉवर थ्रेशर लावावा, ही विभागणी जमते.

चालवत नेण्याच्या रीपरची कापणीची रुंदी साधारण १.२ मीटर असते. तो भात कापून उजव्या बाजूला ओळीत आडवं टाकतो, पेंढ्या बांधत नाही. बांधणीसह येतो तो रीपर बाइंडर. तो जड असतो आणि त्याला सुतळीचं रीळ लागतं. अरुंद बांधांवरून तो चढवणं-उतरवणं हेच एक काम होऊन बसतं.

रीपर नीट कापत नसेल तर पहिल्यांदा पात्यांची पट्टी बघावी. पाती बसवलेला दांडा एका टोकाला गेला की त्रिकोणी पात्याचा मध्य खालच्या पट्टीवरच्या टोकदार बोटाच्या मध्यावर यायला हवा. तो सरकला असेल तर भात कापलं न जाता चघळल्यासारखं होतं. पातं आणि खालची पट्टी यांत फट पडली तरी तसंच होतं. रिव्हेट सैल झालेलं एक पातं बदलायला पंधरा मिनिटं लागतात. ते तसंच चालवलं तर शेजारची दोन पाती जातात. गडग्याचे (दगडी कुंपणाचे) ढासळलेले दगड कापणीआधी वेचून ठेवा, पाती मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण कोकणात तेच आहे. लोळलेल्या भातात रीपर घालूच नये. ताटं पुढच्या चांदणीचाकात येत नाहीत, पट्टी त्यांच्यावरून जाते आणि लोंब्या चिखलात राहतात.

आता कम्बाइन. भाड्याने येणाऱ्या बहुतेक कम्बाइनमध्ये अख्खं ताट ड्रममधून जातं आणि पेंढा तुटून, चुरगळून मागे पडतो. दुसऱ्या प्रकारात फक्त लोंब्या ड्रममध्ये जातात आणि ताट अखंड राहतं, पण ही यंत्रं महाग आणि कमी मिळतात. घाटावरच्या शेतकऱ्याला याने फार फरक पडत नसेल. आपल्याकडे मात्र गुरांना पेंढा, आंब्याच्या आढीला पेंढा आणि पेटी भरायलाही पेंढाच लागतो. म्हणून यंत्र ठरवतानाच ‘पेंढा अखंड राहतो का?’ हे विचारून घ्यावं आणि राहत नसेल तर विकत घ्याव्या लागणाऱ्या पेंढ्याची किंमत भाड्यात धरावी.

दुसरी अडचण ओलीची. हळवं (लवकर तयार होणारं) भात परतीच्या पावसात तयार होतं, तेव्हा खाचरात पाणी असतं. पट्ट्यांवर चालणारा कम्बाइनसुद्धा अशा जमिनीत खोल चाकोऱ्या पाडतो आणि रब्बीला वाल किंवा चवळी टाकायची म्हटलं तर त्या नांगरून मोडाव्या लागतात. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांधाची मोरी फोडून पाणी काढा. खाचरात चालताना टाच दोन इंचांहून जास्त रुतत असेल तर यंत्र उतरवू नका. यंत्रासाठी गरवं (उशिरा तयार होणारं) किंवा निमगरवं भात त्यातल्या त्यात सोयीचं.

यंत्र किती दाणे सांडतं हे चालकाला विचारून कळत नाही, मोजून कळतं. कापणीआधी उभ्या पिकात एक चौरस मीटरची चौकट ठेवून जमिनीवर पडलेले दाणे मोजा. यंत्र गेल्यावर त्याच खाचरात चार ठिकाणी पुन्हा मोजा आणि आधीचे वजा करा. हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला १०० दाणे म्हणजे गुंठ्याला पाव किलो, एकराला दहा किलो. आकडा याच्या बराच वर जात असेल तर चालकाला वेग कमी करायला सांगा. लोंबीवर दाणे शिल्लक राहत असतील तर ड्रम हळू फिरतोय किंवा खालच्या जाळीची फट जास्त आहे. टाकीत सोललेले, तुटके दाणे दिसत असतील तर नेमकं उलटं.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात. विळ्याने कापलेलं भात दोन-तीन दिवस खाचरात वाळतं, मग मळलं जातं. कम्बाइन त्याच दिवशी २०-२२ टक्के ओलाव्याचा दाणा हातात देतो. चोवीस तासांच्या आत तो पसरला नाही तर ढीग तापतो, दाणा पिवळा पडतो. कम्बाइन बोलावण्याआधी ताडपत्री आणि अंगण मोजा. थर दोन ते चार सेंटिमीटरचा हवा आणि तो दर अर्ध्या तासाने हलवायला हवा. पावसाची लक्षणं असतील तर यंत्राची तारीख पुढे ढकललेली बरी.

प्रश्न : ग्रास कटरला भात कापायचं पातं आणि गार्ड लावलं. भात कापलं जातं, पण दाणे झडतात आणि ताटं सगळीकडे विखुरतात. काय चुकतंय? (मंडणगड)

उत्तर : बहुधा तीन गोष्टी एकदम चुकत आहेत. इंजिन पूर्ण वेगात चालवू नका. गवत झोडताना तो वेग लागतो. भातासाठी पातं अडखळणार नाही इतकाच वेग पुरे. दुसरं म्हणजे पात्याचे दाते. झुडपांचं तीन पाखांचं पातं भाताला नको. दहा इंची, ८० किंवा १२० दात्यांचं गोल पातं घ्या आणि ते बोथट झालं की लगेच बदला, कारण बोथट पातं ताट कापण्याऐवजी हिसडतं आणि दाणा त्या हिसक्यानेच झडतो.

तिसरी गोष्ट दिशा. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे पुढच्या बाजूला ते उजवीकडून डावीकडे जातं. म्हणून झोका उजवीकडून डावीकडे द्यायचा आणि कापून झालेली जागा आपल्या डाव्या हाताला ठेवायची. ताटं गार्डला टेकून डावीकडे ओळीत पडतात. परत येताना पातं कापत नेलं की सगळी रांग विस्कटते. रिकामं परत या. पात्याच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याने बांधाला किंवा दगडाला स्पर्श झाला तर यंत्र जोरात उजवीकडे फेकलं जातं, त्यामुळे बांधालगत त्या कोपऱ्याने कापू नका. जवळ दुसरा माणूस नको आणि कापलेलं उचलणाऱ्याने निदान पंधरा मीटर मागे राहावं.

पातं बदलताना नट उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे माहीत नसल्यामुळे किती तरी नट चेमटलेले दिसतात. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-तेलाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलंच ठेवा: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. शेजाऱ्याच्या यंत्राचं प्रमाण आपल्याला लागू होतंच असं नाही. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल अजिबात घालायचं नाही. पात्यामागच्या गिअरच्या डब्यात वीस-पंचवीस तासांनी ग्रीस भरा.

प्रश्न : घरच्या मॉइश्चर मीटरवर भाताचा ओलावा १५ टक्के येतो आणि खरेदी केंद्रावर १८ येतो. कोणाचं खरं? (कर्जत)

उत्तर : दोन्ही मीटर बरोबर असून नमुना चुकीचा असू शकतो. उन्हातून नुकताच उचललेला दाणा गरम असतो. त्याचं बाहेरचं साल वाळलेलं आणि आतला भाग ओला असतो. दाणे दाबून मोजणाऱ्या मीटरवर हा आकडा कमीच येतो. रात्री पोत्यात आतली ओल बाहेर आली की सकाळी केंद्रावर तेच भात दीड-दोन टक्के जास्त दाखवतं. संध्याकाळी भात गोळा करून झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, दाणा थंड असताना, ढिगाच्या पाच जागांतून नमुना घेऊन मोजा. कम्बाइनच्या भातात हिरवे दाणे मिसळलेले असतात, त्यामुळे एकाच मुठीवर विसंबू नका. मीटरवर पिकाचा क्रमांक ‘भात’ हाच आहे ना, ‘तांदूळ’ नाही ना, तेही बघा.

आधारभूत खरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. २२ टक्क्यांचं १०० किलो भात १७ टक्क्यांवर आणलं की ९४ किलो भरतं आणि साठवणुकीसाठी १४ वर आणलं की पावणेएक्याण्णव किलोच्या आसपास. वजन घटलं म्हणून चोरीचा संशय घेण्याआधी हा हिशेब करून पाहावा. बियाण्यासाठी मात्र १२ टक्क्यांपर्यंत वाळवावं.

प्रश्न : फळ न कापता आंब्याची पक्वता सांगणारं हातातलं यंत्र मिळतं असं ऐकलं. देवगड हापूसच्या बागेसाठी ते घ्यावं का? साका (गर आतून खराब होण्याचा दोष) कळतो का त्याने?

उत्तर : यंत्र आहे आणि ते चालतं, पण विकत आणून लगेच कलमाखाली उभं राहण्यासारखं नाही. ही यंत्रं फळावर प्रकाश टाकतात आणि नजरेला दिसणाऱ्या लाल रंगापलीकडच्या, जवळच्या अवरक्त पट्ट्यातला किती प्रकाश परत येतो हे मोजतात. गरातलं पाणी आणि पिष्टमय पदार्थ हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यावरून गरातला शुष्क पदार्थ (पाणी सोडून उरणारा भाग) किती टक्के आहे याचा अंदाज बांधला जातो. कच्च्या आंब्यात साखर कमी आणि पिष्ट जास्त असतं, त्यामुळे ब्रिक्सपेक्षा (रसातल्या साखरेच्या मापापेक्षा) शुष्क पदार्थ हा पक्वतेचा चांगला निकष ठरतो. ऑस्ट्रेलियातले आंबा बागायतदार याच निकषावर झाडावरच फळ मोजून तोडणी ठरवतात.

अडचण यंत्रातल्या गणितात आहे. ते गणित ज्या जातीच्या फळांवर बसवलेलं असतं, त्याच जातीवर भरवशाचं असतं. दुसऱ्या जातीवर बसवलेलं मॉडेल हापूसवर लावलं तर आकडा येतो, दशांशासह येतो, पण त्याला अर्थ नसतो. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हापूसच्या किती फळांवर, किती बागांतल्या आणि किती हंगामांतल्या फळांवर हे मॉडेल तपासलं? उत्तर समाधानकारक नसेल तर स्वतः पडताळणी करावी लागेल, आणि ती घरी करता येते.

वेगवेगळ्या वाढीची तीस-चाळीस फळं घ्या. प्रत्येकाच्या दोन्ही गालांवर, मधोमध, यंत्राचं वाचन घेऊन त्या जागी खूण करा. खुणेखालचा गर साल काढून तीन-चार मिलिमीटरच्या पातळ कापांत कापा आणि ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. ६५ ते ७० अंशांच्या ड्रायरमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. त्याला एक ते दोन दिवस लागतात. वाळलेलं वजन भागिले ओलं वजन गुणिले शंभर, हा खरा शुष्क पदार्थ. यंत्राचा आकडा सगळीकडे सारख्याच फरकाने चुकत असेल तर तेवढा फरक धरून यंत्र वापरता येतं. कधी वर, कधी खाली चुकत असेल तर परत करा.

वाचन घेताना उन्हाने भाजलेली बाजू, चिकाचा डाग आणि देठाजवळचा भाग टाळा. दुपारच्या तापलेल्या फळाचं आणि सकाळच्या थंड फळाचं वाचन एकत्र करू नका, फळाच्या तापमानाने आकडा सरकतो.

साक्याबद्दल सरळ उत्तर: नाही. शुष्क पदार्थ मोजणारं यंत्र साका ओळखण्यासाठी बनवलेलं नाही. साका झालेला गर पोकळसर असल्यामुळे क्ष-किरण प्रतिमेत तो वेगळा दिसतो, पण ते काम पॅकहाउसमधलं, बागेतलं नव्हे. साका कमी करायचे बागेतले उपाय जुनेच आहेत. तोडणी सकाळी लवकर किंवा चारनंतर करावी, तोडलेली फळं तापलेल्या कातळावर ठेवू नयेत, क्रेट सावलीत ठेवून वर पेंढा किंवा ओलं गोणपाट घालावं आणि फळ फार पिकू न देता चौदा आण्यांवर (सोळापैकी चौदा भाग तयार झाल्यावर) काढावं.

लहान बागेला यंत्राऐवजी पाण्याची बादली पुरते. खांदे देठाच्या वर आले आहेत, गर्द हिरवा रंग फिकटला आहे अशी दहा फळं काढून पाण्यात टाका. बहुतेक बुडाली तर त्या कलमाची तोडणी सुरू करायला हरकत नाही. तरंगणारी कोवळी आहेत. ज्यांच्या बागेत एकाच कलमावर दोन-तीन मोहोर असतात आणि ज्यांना निर्यातीसाठी एकसारखा माल द्यायचा आहे, त्यांनाच यंत्राचा खर्च झेपतो. गटाने एक घेतलं तर आणखी बरं.

तोडणीच्या साधनाबाबत: दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला (फळ देठासह कापून झेलणारं साधन) अजून मागे पडलेला नाही. तीन ते पाच सेंटिमीटर देठासह फळ कापता आलं की चीक सालीवर ओघळत नाही आणि काळे डाग पडत नाहीत. झेल्याचं पातं दर दिवशी पुसून धार बघा, चिकाने ते बोथटतं. बांबूऐवजी सरकवून लांब करायचा दांडा हवा असेल तर फायबरचा घ्या. अॅल्युमिनिअमचा हलका असतो, पण बागेवरून विजेची तार जात असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : गुहागरला समुद्रालगत नारळ-सुपारीची वाडी आहे. स्वस्तातले ओलावा सेन्सर बसवले. पहिले काही आठवडे ठीक होते, आता पाणी दिलं काय न दिलं काय, आकडा एकच. उलट झावळ्या मलूल दिसतात तेव्हाही ‘ओलं’ दाखवतो.

उत्तर : स्वस्त सेन्सर दोन प्रकारचे असतात. दोन उघड्या धातूच्या काड्या असलेला प्रकार जमिनीतून वीज वाहते किती यावर चालतो. त्या काड्या काही आठवड्यांतच गंजतात, ते टाकून द्या. दुसरा सपाट पट्टीचा असतो. त्यावर लेप असतो, पण पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्याच राहतात, तिथून पाणी आत शिरतं आणि आकडा एका जागी अडकतो. नवी पट्टी पुरण्याआधी कडांना आणि वरच्या इलेक्ट्रॉनिक भागाला इपॉक्सीचा लेप द्या.

पण ‘कोरडं असताना ओलं’ याचं कारण बहुधा मीठ आहे. क्षार वाढले की मातीतून वीज जास्त वाहते आणि स्वस्त सेन्सर त्यालाच पाणी समजतो. एप्रिल-मेमध्ये समुद्रालगतच्या विहिरी मचूळ होतात, तेच पाणी ठिबकमधून गेलं की मुळांजवळ क्षार साठतात. विहिरीच्या पाण्याची क्षारता खिशातल्या ईसी मीटरने दर पंधरवड्याला मोजा आणि लिहून ठेवा. मीटर फार महाग नाही आणि तुमच्या वाडीत ओलावा सेन्सरपेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल. नारळ हे सोसतो, सुपारी तितकं सोसत नाही.

अशा जागी टेन्शिओमीटर लावा. सच्छिद्र मातीची वाटी, पाण्याने भरलेली नळी आणि वर काटा. मुळाला पाणी ओढायला किती जोर लागतो ते तो सेंटिबारमध्ये दाखवतो, क्षारांमुळे त्याचा आकडा बिघडत नाही. मात्र क्षारांमुळे झाडाला होणारा जाचही तो दाखवत नाही, हेही ध्यानात असू द्या. एक ३० सेंटिमीटरवर, दुसरा ६० वर, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर बसवा. वाटी रात्रभर पाण्यात भिजवा. खड्ड्यातून निघालेल्या मातीतले खडे काढून तिचा पातळ राबडा करा, तो भोकात ओता आणि मगच नळी घाला. जांभ्याच्या खडकाळ मातीत ही पायरी गाळली की वाटीभोवती हवा राहते आणि काटा हलतच नाही. पुळणीच्या वाळूत १५-२० सेंटिबारला पाणी द्या. भारी मातीत ४० पर्यंत थांबता येतं. ८० च्या पुढे नळीतलं पाणी तुटतं आणि काटा शून्याकडे परततो, म्हणजे अगदी कोरड्या जमिनीत तो ‘ओलं’ म्हणू लागतो! नळीतली पातळी आठवड्यातून एकदा बघून भरा.

कोणताही सेन्सर लावा, भरपूर पाणी दिल्यानंतर एक-दोन दिवसांनी, निचरा झाल्यावर येणारा आकडा लिहून ठेवा. ती तुमच्या जमिनीची ‘भरलेली’ खूण. कंपनीच्या पुस्तिकेतल्या टक्केवारीपेक्षा या खुणेवरून पाणी ठरवलेलं चांगलं.

प्रश्न : मोबाइलवरच्या उपग्रह ॲपमध्ये आमचं भात एका आठवड्यात हिरवं, दुसऱ्या आठवड्यात लाल दाखवतं. शेतात तर काही फरक नाही. (माणगाव)

उत्तर : बहुतेक मोफत ॲप सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं वापरतात. त्याचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे सुमारे एक गुंठ्याचा. पाच गुंठ्यांच्या खाचरावर पाच ठिपके पडतात आणि त्यातले बहुतेक बांध, शेजारची झाडं किंवा पायवाट यांच्यावर अर्धे-अर्धे बसतात. त्यात जून ते सप्टेंबर ढग. ढगाची विरळ कड किंवा सावली ॲपला ओळखता आली नाही की पीक आजारी दिसतं. भाताच्या ऐन वाढीच्या काळात कोकणात ही चित्रं जवळजवळ निरुपयोगी आहेत. ढगांतून पाहणारं रडार सेंटिनेल-१ कडे आहे. ते लावणी कुठे झाली, पाणी कुठे साचलं हे तालुक्याच्या पातळीवर सांगायला चांगलं. तुमच्या खाचरातला करपा त्यात दिसणार नाही. ऑक्टोबरनंतर सड्यावरच्या मोठ्या, सलग काजू-आंबा बागेसाठी ॲप जरूर बघा, एखादा कोपरा वाळत असेल तर तो आधी दिसतो.

प्रश्न : बागेत स्वतःचं हवामान केंद्र बसवलं तर फळपीक विम्याच्या दाव्याला त्याची नोंद चालेल का? देखभाल किती? (राजापूर)

उत्तर : दाव्याला चालणार नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळासाठी ठरवलेल्या संदर्भ केंद्राच्या नोंदीवरून ठरते. तुमच्या बागेत गारठा पडला आणि मंडळाच्या केंद्रावर नोंदला गेला नाही, तर तुमचा आकडा तक्रारीला जोड म्हणून उपयोगी, हक्क म्हणून नाही. स्वतःचं केंद्र घ्यायचं ते फवारणीची वेळ ठरवायला. मोहोरावर पहाटे किती तास दव राहतं, दुपारी वारा कधी सुटतो, सुपारीवर कोळे रोगाला पोषक अशी संततधार कधी सुरू झाली, हे त्यातून कळतं. कोळे रोगासाठी एक टक्का बोर्डो (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी) पावसाआधी आणि मग सुमारे ४०-४५ दिवसांनी उघडीप पाहून मारतात. ती उघडीप हेरायला पानओलावा सेन्सर कामाला येतो.

तापमानाचा सेन्सर जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीवर किंवा पत्र्यावर बसवू नका, भिंतीची उष्णता तो हवेची म्हणून सांगतो. मोकळ्या जागी, दीड-दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत हवा. पर्जन्यमापकाची पारख दर मे महिन्यात करा. २०० मिलिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात एक लिटर पाणी म्हणजे ३१.८ मिलिमीटर पाऊस. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ते पाणी तासाभरात ठिबकू द्या. ०.२ मिलिमीटरची डोलणारी वाटी असेल तर १५९ च्या आसपास टोले पडले पाहिजेत. दीडशेच्या खाली गेले तर आतला स्क्रू फिरवून वाटी जुळवा. मुसळधारेत अशा वाट्या थोडं कमीच मोजतात, ते गृहीत धरा.

बाकी शत्रू ठरलेले: नरसाळ्यात पानं, पेटीत मुंग्या आणि कुंभारणीची घरटी, जोडण्यांवर खाऱ्या हवेचा गंज आणि वानरं. जोडण्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, वायर पाइपातून न्या, खांब फांद्यांपासून दूर ठेवा. सौर पॅनल पावसाळ्यात सलग आठवडाभर पुरेसा चार्ज देत नाही, तेव्हा बॅटरी त्या हिशेबाने घ्या.

प्रश्न : ड्रोनने आंब्यावर तुडतुड्याची फवारणी जमेल का? (वेंगुर्ला)

उत्तर : मोठ्या, जुन्या कलमांवर नाही. दहा बाय दहा मीटरवर एकराला चाळीस कलमं बसतात. मोठ्या कलमाला पंपाने दहा लिटर द्रावण लागतं, म्हणजे एकराला चारशे लिटर. ड्रोनची टाकी बहुधा दहा लिटरची आणि तीत एक एकर करायचा बेत, म्हणजे कलमाला पाव लिटर. ते वरच्या पानांवर बसतं. तुडतुडे मोहोरावर असतात तसेच खोडाच्या सालीत आणि आतल्या फांद्यांवर लपतात, तिथवर थेंब जात नाही. घन लागवडीच्या, छाटून बुटक्या ठेवलेल्या कलमांवर किंवा सलग भातावर प्रयोग करून पाहावा. औषध ड्रोनने मारायला मान्यता असलेलंच घ्या. पंपाचं औषध चाळीसपट घट्ट करून मारणं झाडाला आणि माणसाला दोघांनाही धोक्याचं. चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनला नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. चिपी विमानतळ जवळ असल्याने उड्डाणाआधी हवाई क्षेत्राचा नकाशा तपासणं वेंगुर्ल्यात टाळता येणार नाही. वेळ सकाळची, खारा वारा सुटायच्या आत.

प्रश्न : पाडेली (नारळ पाडणारा माणूस) मिळत नाही. नारळावर चढायच्या पायडलच्या शिडीवर घरच्या मुलाला चढवावं का? (श्रीवर्धन)

उत्तर : प्रशिक्षणाशिवाय नको. नारळ विकास मंडळाचं ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ प्रशिक्षण याच यंत्रावर असतं, आणि चढणाऱ्यांसाठी मंडळाची केरा सुरक्षा विमा योजनाही आहे. यंत्राच्या दोन चौकटी असतात, प्रत्येकीला खोडाभोवती वायररोपचा फास. एक पाय उचलला की ती चौकट सैल होते, भार दिला की आवळते. रोपचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी तो रोप बदला. खोडाला टेकणारं रबर गुळगुळीत झालं असेल तर तेही बदला. बुंध्याशी खोड जाड आणि वर बारीक असतं, म्हणून फास बुंध्याला फार सैल ठेवून निघालं तर वर चौकट घसरते. दोन-तीन मीटरवर थांबून तो पुन्हा आवळावा. यंत्राशिवाय वेगळा कमरपट्टा खोडाभोवती हवाच. पावसाळ्यात खोडावर शेवाळ असताना चढू नये. ज्या माडाच्या खोडाला भोकं, चीक किंवा सोंड्या भुंग्याची लक्षणं आहेत, त्यावर कधीच नाही.